संध्याकाळचा स्वयंपाक अन् पायात घुटमळणारं लेकरू, तुम्ही कसं जमवता?

शेतवाडी_आई (दारव्ह्याजवळ, जि. यवतमाळ) | ३ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. वाचते रोज पण धागा पहिल्यांदाच काढून राहिली, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात आम्ही पाच जण. मी, हे, सासू-सासरे अन् आमची चिंगी, चार वर्षांची. सध्या कापूस वेचणी चालू आहे. शेतातून यायला साडेपाच-सहा होतात अन् आता तर तेवढ्यात अंधारच पडते. हातपाय धुतले की लगेच स्वयंपाक, अन् नेमकी तेव्हाच चिंगीला आई पाहिजे. दिवसभर आजीजवळ चुपचाप असते म्हणे, मी दिसली की पदर सोडत नाही. कणीक भिजवायला घेतली की परातीत हिचे हात, कांदा घेतला की "मी चिरते", नाही म्हटलं की भोकाड. शेवटी मोबाईल देते हातात. मग भाकरी होतात, पण जेवतानाही मोबाईल सुटत नाही अन् तोंडात घास तसाच.

दुसरं म्हणजे ताटं. सासऱ्यांना दात नाहीत, त्यांना सगळं मऊ पाहिजे. यांना झणझणीत नसलं तर "आज दवाखान्यातला डबा आला का" विचारतात. चिंगीला तिखट चालत नाही. म्हणजे एका भाजीच्या तीन भाज्या. सासूबाई करू लागतात पण त्यांचे गुडघे दुखतात, ओट्याजवळ उभं राहवत नाही.

पाऊण तासात होईल, पाचही जण खातील अन् तोवर पोरगी रडणार नाही, असं काही करता का कोणी? पनीर-बिनीरचं सांगू नका, इथे बाजार आठवड्यातून एकदा भरते.

---

सोलेवांगे (अमरावती जिल्हा) | ३ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई पहिले एक सांगतो, मोबाईलवरून कोणी लेक्चर द्यायला येत असंल तर त्यानं एक दिवस माझ्या घरी सहा ते आठ बसून दाखवावं. माझे तर दोन पोट्टे आहेत. एक ओढते अन् दुसरा ढकलते.

बाकी उपाय येतीलच इथे, मी वाचायला बसलो. "दवाखान्यातला डबा" हे मात्र आमच्याच बाबाचं वाक्य, तुमच्या घरी कसं पोचलं?

---

हिंगणघाटचा_भाऊ | ३ डिसेंबर, रात्री ११:०२

आमच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक मीच करतो. मिसेसची नर्सची ड्युटी आहे, आठवड्यात तीन-चार दिवस तरी ती रात्री नऊच्या आधी येत नाही. पोरगा पाच वर्षांचा. त्यामुळे अनुभवाचं बोलून राहिलो.

पहिले मीही त्याला "तू तिकडं खेळ" म्हणायचो. तो खेळायचाच नाही. मग एका दिवशी वैतागून त्याच्यापुढे लसणाचा गाठा टाकला अन् म्हटलं सोल. त्याला काय सोलता येते, नखंच नाही तेवढी. तरी बसला. दुसऱ्या दिवशी मी पाकळ्या आधी कोमट पाण्यात टाकून ठेवल्या, सालं सैल झाली, अन् हा दहा मिनिटं एका जागी! सात पाकळ्या सोलल्या. त्यातली एक त्यानं चावून पाहिली अन् मग जे तोंड केलं ते पाहण्यासारखं होतं.

तेव्हा मला समजलं की लेकराला खोटं काम दिलं तर त्याले कळते. रिकामी वाटी अन् चमचा देऊन "तू पण भाजी कर" म्हटलं तर दोन मिनिटं. पण त्यानं सोललेला लसूण त्याच्याच डोळ्यांपुढे फोडणीत पडला तर तो तिथून हलत नाही, अन् जेवताना "माझा लसूण कुठं गेला" म्हणून वरणात शोधते.

आमचं हुकमी जेवण म्हणजे चिकोल्या. (वरणफळं म्हणतात बरेच लोक.) तुरीची डाळ एक वाटी, हळद अन् थोडं तेल टाकून कुकरला लावतो. तोवर कणीक भिजवतो, ओवा, मीठ, हळद घालून, पोळीच्या कणकीपेक्षा घट्ट. डाळ घोटून त्यात पाच-सहा वाट्या पाणी. पातळ दिसते, दिसू द्या, चिकोल्या पाणी पितात. जिरं-मोहरी-लसणाची फोडणी, टमाटर, गुळाचा खडा, चिंच. ते उकळेपर्यंत मी पोळी लाटतो अन् पोरगा वाटीनं गोल पाडते, चमच्याच्या दांड्यानं रेघा मारते, एकदा त्याने ट्रॅक्टर बनवला होता. सुरी द्यायचं काम नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, त्याचे तुकडे जाड असतात. म्हणून त्याचे आधी टाकायचे उकळत्या वरणात, माझे पातळ नंतर पाच मिनिटांनी. नाहीतर त्याचाच ट्रॅक्टर कच्चा राहते अन् मग पोट दुखते. झाकण अर्धवट ठेवून दहा-बारा मिनिटं. वरून सांभार (कोथिंबीर), तूप. तुमच्या सासऱ्यांना दात नसले तरी चालते, वरणात मुरलेल्या चिकोल्या जिभेनंही दबतात.

---

शेतवाडी_आई | ४ डिसेंबर, सकाळी ६:१०

भाऊ खूप छान सांगितलं. चिकोल्या करते मी पण पोरीला कधी हात लावू दिला नाही, पीठ सांडते म्हणून. पण यांच्या तिखटाचं काय? वरणात तिखट टाकलं की चिंगी गेली.

---

बुढी_माय (नातू टाइप करून रायला) | ४ डिसेंबर, दुपारी १:३०

पोरी, मी पंचाहत्तरच्या वर हाये अन् मले हे मोबाईल काई समजत नाही, नातवानं वाचून दाखवलं म्हून सांगतो.

आमच्या टायमाले एका घरात अठरा मानसं जेवाले. लेकरं सात. कोनं केल्या वं तीन-तीन भाज्या? एकच गंज (मोठं पातेलं) चढे. पन तिखट त्यात कमी टाको आमी. तिखट वरून. तुले काऊन वाटते आपल्या इकडं भुरका हाये, ठेचा हाये, जवसाची चटनी हाये, ताटात कच्चं तेल घेतात? ते काय उगंच नाही. गंजातलं समद्याईचं, ताटातलं ज्याचं त्यानं.

भुरका असा कर. कढल्यात फल्लीचं (शेंगदान्याचं) तेल दोन पळ्या तापव. त्यात लसूण ठेचून, लाल झाला की जरासे तीळ नाहीतर कूट, अन् कढलं खाली उतरव. खाली उतरवल्यावर तिखट टाकजो, मीठ टाकजो. आचेवर टाकशीन तर जळते अन् मंग घरभर खोकला. आठ दिवस राह्यते बरनीत. नवऱ्याच्या ताटात एक चमचा वाढ, मंग पाह्य काई बोलते का.

नातू म्हनून रायला का "आजी फार मोठं झालं". होऊ दे. अजून एक, लेकराले पाटावर बसव. ओट्यापाशी स्टुलावर उभं नको करू. आमी समदं खाली बसूनच करो, लेकरू मांडीपाशी राहे, पडाची भीती नाही.

---

सोलेवांगे | ४ डिसेंबर, दुपारी २:०५

माय, दंडवत. "गंजातलं समद्याईचं, ताटातलं ज्याचं त्यानं" हे मी आमच्या सैपाकघरात खडूनं लिहून टाकतो.

खरंच पण, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तर्री वेगळी का देतात पोह्यावर? पाटवडी वेगळी अन् रस्सा वेगळा का? आपण उगाच सगळं एका कढईत लाल करून बसलो अन् मग लेकरासाठी पाण्यात धुवून देतो भाजी. मी स्वतः वांग्याची फोड ग्लासात धुताना बायकोनं पकडलं आहे.

---

भंडारा_भात | ४ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

तिखट वरून म्हटल्यावर गोळाभाताचं नाव कोणीच कसं काढलं नाही?

आम्ही भात खाणारे लोक, आमच्याकडे ज्वारी कमी. पण गोळाभात सगळ्या विदर्भाचा, यवतमाळकडेही करतात. हरभऱ्याची डाळ एक मोठी वाटी सकाळी शेतात जाताना भिजवून ठेवा. संध्याकाळी पाणी पूर्ण काढून, पाणी न घालता, जाडसर वाटा. लाईन नसली तर पाट्यावर, तेही नाही जमलं तर गिरणीतून हरभरा डाळीचा भरडा आणून ठेवा, तो थोड्या पाण्यानं भिजवला की काम होते. त्यात हळद, मीठ, जिरं, हिंग, ओवा, सांभार अन् एक पळी गरम तेल. लिंबाएवढे गोळे करायचे, मुठीत दाबून.

दुसरीकडे भात मोकळ्या पातेल्यात लावा. पाणी आटत आलं, भातावर भोकं दिसायला लागली की गोळे वर अलगद मांडायचे, थोडे भातात दाबायचे, घट्ट झाकण, आच एकदम बारीक, पंधरा-वीस मिनिटं. मधे मधे उघडून पाहू नका, वाफ जाते. कुकरमध्ये करणारेही आहेत पण गोळे फुटले तर मला विचारू नका.

वाढताना गोळा भातात कुस्करायचा अन् वरून फोडणीचं तेल. इथे तुमचा प्रश्न सुटला बघा: एका कढल्यात नुसती मोहरी-हिंग-लसूण, ती लेकीला अन् सासऱ्यांना. मग त्याच तेलात लाल मिरच्या तडतडवून यांना. सोबत कढी किंवा चिंचेचं सार. गोळा कोरडा लागतो, तोठरा बसतो, लेकराला तर कढीशिवाय देऊच नका.

---

पुण्यात_वऱ्हाडी | ४ डिसेंबर, रात्री ८:२०

वा! हे वाचून गावाची आठवण आली. इथे हरभरा डाळीचा भरडा मिळत नाही म्हणून मी रेडिमेड बेसनाचे करून पाहिले, चिकट लगदा झाला. कोथिंबीर मात्र भरपूर घातली होती.

---

सोलेवांगे | ४ डिसेंबर, रात्री ८:२४

कोथिंबीर?? दादा पुण्यात जाऊन किती वर्षं झाली?

---

पुण्यात_वऱ्हाडी | ४ डिसेंबर, रात्री ८:३१

अकरा. इथे भाजीवाल्याला सांभार मागितला तर तो इडलीच्या दुकानाकडे बोट दाखवते राजेहो, म्हणून सवय लागली. माफी.

---

खारपाण_दर्यापूर | ५ डिसेंबर, सकाळी ७:४५

सगळे डाळ शिजवा, डाळ घोटा सांगून राहिले, जरा आमचं ऐका. आम्ही खारपाणपट्ट्यातले. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना वाटलं सुनेला डाळ लावता येत नाही, मला वाटलं दुकानदारानं जुनी डाळ दिली. दोष पाण्याचा. जड पाण्यात डाळ मऊच होत नाही लवकर.

आता मी डाळीपुरतं दोन-तीन तांबे आरओचं कॅनचं पाणी वापरते, बाकी सगळं बोअरचं. डाळ भिजवायची पण त्याच गोड पाण्यात. अन् चिंच, टमाटर, आंबट जे काही ते डाळ पूर्ण शिजल्यावरच. आधी टाकलं तर डाळ पुन्हा हटून बसते. घाई असंल तर तूर सोडून मुगाची डाळ घ्या, ती लवकर ऐकते.

लेकराचं म्हणाल तर माझी पोरगी साडेतीनची, तिला मी डाळ धुवायला देते. तीन पाण्यानं धुवायची, पाणी बादलीत ओतायचं, ते आंगणातल्या वांग्याच्या झाडांना. ती अंकच त्याच्यावर शिकली, एक पानी, दोन पानी, तीन पानी. चौथं पानी मागते पण आमच्याकडे तेवढं पाणी कुठं.

---

काकू_चिखली | ५ डिसेंबर, सकाळी ११:१०

मी जरा विरोधात बोलते, राग मानू नका.

लेकरांना कामात घ्या म्हणता, पण सैपाकघर ही खेळायची जागा नाही. माझ्या भाच्याच्या पायावर गरम वरण सांडलं होतं, तीन वर्षांचा होता. वहिनी एका हातानं गंज उतरवत होती अन् तो मागून पदर ओढायला आला. त्यात शेजारच्या बाईनं घाईघाईनं टूथपेस्ट फासली. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर ते काढता काढता थकले अन् पोरगं किंचाळून किंचाळून. त्यांनी सांगितलं ते मी आता सगळ्यांना सांगत फिरते: भाजलं की लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, वीस मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही. कपडा चिकटला असंल तर ओढायचा नाही. मग दवाखाना.

तर माझं म्हणणं, चूल पेटायच्या आधी लेकराचं काम संपलं पाहिजे. निवडणं, धुणं, वळणं, कुस्करणं हे आधी. फोडणीच्या वेळी लेकरू आजीच्या मांडीवर.

---

हिंगणघाटचा_भाऊ | ५ डिसेंबर, दुपारी १२:४०

काकू, यात विरोध कुठं आहे, बरोबरच बोलल्या. मी वर लिहिलं की फोडणी त्याच्या डोळ्यांपुढे, ते नीट लिहायला हवं होतं. तो दाराच्या उंबऱ्यावर बसून पाहतो, उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा नियम. खडूनं रेघ मारून दिली आहे. रेघ तो पाळतो, मी सांगितलेलं बाकी काहीच पाळत नाही.

---

अंगणवाडी_ताई (राळेगाव तालुका) | ५ डिसेंबर, रात्री ९:००

दिवसभर चाळीस लेकरांत असते त्यामुळे थोडं सांगते. आमच्याकडे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार असतो, तीनच्या खालच्यांना घरी न्यायची पाकिटं. (ही सगळी योजना १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, म्हणजे माझ्याही जन्माच्या आधीची, आमची एक मदतनीस मावशी स्वतः लहानपणी अंगणवाडीत जेवलेली आहे.) जे मूल घरी वरणभात तोंडात घेत नाही म्हणून आई तक्रार करते तेच मूल अंगणवाडीत दोनदा मागून खाते, कारण शेजारचं खाऊन राहिलं असते. म्हणून घरीही लेकराला आधी वेगळं भरवू नका, सगळ्यांसोबत पंगतीत बसवा. ताटात थोडंच वाढा, त्याला मागू द्या.

दोन-तीन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. आपल्याकडे फल्लीदाणे मुठीनं देतात खायला, अख्खे दाणे, फुटाणे चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, श्वासनळीत अडकतात, कूट करून द्या. एक वर्षाच्या आत मध चाटवू नका, कोणी कितीही सांगो. अन् जेवणासोबत चहा तर अजिबात नाही. संध्याकाळी चहात पोळी बुडवून दिली की लेकरू रात्री जेवत नाही हे एक, अन् भाजीतलं लोह चहामुळे अंगी लागत नाही हे दुसरं. त्यापेक्षा पालेभाजीवर, वरणावर लिंबू पिळा, त्यानं लोह चांगलं लागते.

अन् ज्वारी सोडू नका हो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, आम्हालाही तेव्हा ज्वारीचे पदार्थ करून दाखवायचे कार्यक्रम होते. ज्या बायांनी मला लहानपणी भाकर शिकवली त्याच बाया समोर बसून टाळ्या वाजवत होत्या.

---

पुण्यात_वऱ्हाडी | ५ डिसेंबर, रात्री ९:३५

ताई, उकडपेंडी रात्रीच्या जेवणाला चालेल का लेकराला? माझा मुलगा ती आवडीनं खातो. मी कणीक जाडसर घेतो, थोडं ज्वारीचं पीठ, तेलात खमंग भाजून कांद्याच्या फोडणीत ताक-पाणी घालून वाफ काढतो. वीस मिनिटांत होते.

---

अंगणवाडी_ताई | ५ डिसेंबर, रात्री ९:५२

चालते की. सोबत वाटीभर वरण किंवा दही द्या, नुसती दिली तर मधरात्री उठून भूक म्हणते. पीठ मात्र भाजायला कंटाळू नका, कच्चं राहिलं तर टाळूला चिकटते.

---

सोलेवांगे | ६ डिसेंबर, रात्री १०:३०

आज आमच्याकडे जे झालं ते सांगतो, हसू नका. हसा खरं तर.

इथलं वाचून मला जोश आला. सध्या तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, शेतातून थैलीभर हिरव्या शेंगा आणल्या, म्हटलं पोट्ट्यांना सोले काढायला बसवतो, सोले-वांग्याची भाजी करू, नावाला जागू. दोघं बसले आंगणात. पहिले पंधरा मिनिटं काय शांतता होती, मी बायकोला म्हटलं "पाह्य, असं असते." कोणाच्या शेंगेत किती दाणे, चार निघाले की चौका, पाच निघाले की छक्का. सहा पाहिजेत छक्क्याला पण ठीक आहे.

मग धाकटा एकदम चुप. नाक चोळून राहिला. मोठा म्हणते, "बाबा यानं दाणा नाकात टाकला."

मी टॉर्च मारून पाहिलं तर हिरवा ठिपका दिसून राहिला आत. माझ्या हातात बायकोची केसाची पिन आलीच होती, तेवढ्यात बायको ओरडली की हात लावायचा नाही, आत सरकंल. गाडी काढली, तालुक्याला गेलो, डॉक्टरनं आकड्यानं अर्ध्या मिनिटात काढला अन् वर मलाच ऐकवलं, बरं झालं घरी खुपसलं नाही म्हणून. पिनचं मी काही बोललो नाही.

घरी येऊन पाहतो तं मोठ्यानं आईसोबत बसून उरलेले सगळे सोले काढून ठेवले होते. भाजी झाली साडेनऊला. वांग्याची भाजी कमी तिखट, माझ्या ताटात बुढी मायचा भुरका. धाकट्यानं भाजी खाल्ली नाही. म्हणते त्यात दाणे आहेत.

---

बुढी_माय (नातू) | ७ डिसेंबर, सकाळी ८:१५

आजी हसून हसून खोकली, पाणी द्यावं लागलं. ती म्हणते लेकराईले सोले काढाले बसवलं का आपुनही संगं बसाव, "पाह्य असं असते" म्हनत फिरू नाही.

---

काकू_चिखली | ७ डिसेंबर, सकाळी ८:४०

मी काहीच बोलत नाही.

---

शेतवाडी_आई | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे खूप आभार. दोन दिवस चिकोल्या अन् काल गोळाभात केला, सांगते कसं झालं ते.

सकाळी डाळ भिजवून गेली होती. घरी आली तर लाईन नाही, म्हणून पाट्यावर वाटायला बसली. सासूबाई खाली पाटावर भिंतीला टेकून, चिंगी आमच्या दोघींच्या मधे. स्टूल बंद, मायचं ऐकलं. खाली बसल्यामुळे सासूबाईंनाही हात लावता आला, ओट्यावर त्यांना उभं राहवत नाही ना. इतके दिवस हे सुचलंच नाही.

वेचणी करणाऱ्यांना माहीत आहे, बोंडाचे टोकदार सालपटं लागून बोटांच्या पेरांना चिरा पडतात. या दिवसांत मिठात नाहीतर तिखटात हात घातला की जीव जाते. रोज मी दात दाबून कालवते. काल डाळीत मीठ-हळद टाकलं अन् हात घालणार तर पेरं अशी चुरचुरली की मी हात मागंच घेतला. चिंगी पाहून राहिली होती. म्हणे "मी करू?" म्हटलं कर. दोन्ही हात मनगटापर्यंत परातीत. जिरं-ओवा सगळं तिनंच कालवलं, नाकालाही लागलं हळदीचं. मिरची मुद्दाम घातली नव्हती, डोळ्याला हात लावते म्हणून.

गोळे तिचे बोराएवढे, सासूबाईंचे लिंबाएवढे. मी म्हटलं सारखे कर, तर सासूबाई म्हणाल्या राहू दे, तेच तुझ्या सासऱ्याला बरे. अन् खरंच, बोराएवढे गोळे भातात इतके मऊ झाले की बाबांनी सगळे तेच मागितले. चिंगी मोजत होती, "हा माझा, हा पण माझा." बाबा म्हणे तुझे गोळे मी खाल्ले, आता काय करशील, तर म्हणते उद्या अजून करीन.

तीन गोळे फुटले, भातात विरघळले. भंडाऱ्याच्या दादांनी सांगितलं होतं उघडू नका, मी दोनदा उघडलं.

भुरका रविवारीच करून बरणीत भरला होता. यांच्या ताटात वाढला. यांनी काही म्हटलं नाही, नुसती बरणी ओढून घेतली स्वतःकडे. आज पाहते तर अर्धी बरणी खाली.

मोबाईल एकदा मागितला तिनं, फोडणीच्या वेळी. तेव्हा दिला. काकू, फोडणी देताना ती आजीच्या मांडीवर होती, मोबाईल घेऊन का होईना.

आता एक अडचण. ती सकाळीही परात मागून राहिली. सकाळी साडेसातला शेतात निघावं लागते, तेव्हा तिला काय देऊ?

---

खारपाण_दर्यापूर | ९ डिसेंबर, रात्री १०:२०

डाळ धुवायला द्या. संध्याकाळची भिजवायचीच असते ना. तीन पाण्यानं. तुमच्याकडे पाणी आहे, चौथंही देऊ द्या.

---

भंडारा_भात | ९ डिसेंबर, रात्री १०:४१

दोनदा उघडलं?

---

हिंगणघाटचा_भाऊ | ९ डिसेंबर, रात्री ११:१५

बोराएवढ्या गोळ्यांची आयडिया उचलली ताई, उद्या करतो. भंडाऱ्याचे दादा, एवढे छोटे असले तर वीस मिनिटं ठेवू का बारा पुरतील?